मणी सापडला, पण कुठे?

माझ्या कपाटात मुरांब्याची एक जुनी बाटली आहे. तिच्यात मुरांबा नाही, मणी आहेत. तांबडे, काळे, हिरवे, निळे, काही मोहरीएवढे, काही हरभऱ्याएवढे. पारनेर तालुक्यातल्या एका शाळेत मी शिकवत होतो, तेव्हा मुलांनी हे मणी मला आणून दिले होते. गावाबाहेर पांढरीचे एक टेकाड होते. पहिला पाऊस पडून गेला की धुपलेल्या मातीतून मणी, खापरे, बांगड्यांचे तुकडे वर येत. मुले ते वेचून आणत आणि मी कौतुकाने बाटलीत टाकत असे. दोन-तीन पावसाळ्यांत बाटली भरली.

पुढे ही बाटली मी पुण्यातल्या एका अभ्यासक बाईंना दाखवली. माझा प्रश्न सरळ होता, "हे मणी किती जुने?" बाईंनी बाटली उजेडात फिरवून पाहिली आणि उलट विचारले, "कुठे मिळाले?" मी गावाचे नाव सांगितले. "गावात कुठे? टेकाडाच्या माथ्यावर की उतारावर? बरोबर कसली खापरे होती? कोणते मणी एकत्र मिळाले?" यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. शेजारच्या गावांतून मुलांनी आणलेले मणीही मी त्याच बाटलीत टाकले होते. बाई नम्रपणे म्हणाल्या, "मग हे मणी कसे केले ते मी सांगू शकेन, पण केव्हाचे ते सांगणे अवघड आहे."

या उत्तराने मी त्या वेळी खट्टू झालो. ते किती बरोबर होते, हे मण्यांविषयी वाचू लागल्यावर समजले. मणी स्वतःबद्दल काय सांगतो, काय सांगू शकत नाही आणि उरलेले आपल्याला कोण सांगते, ते या लेखात पाहू.

घडण भोकाभोवती दिसते

काच म्हणजे वितळवून थंड केलेली वाळू. नुसती वाळू, म्हणजे सिलिका, वितळायला सुमारे १७०० अंश सेल्सिअस तापमान लागते. जुन्या भट्ट्यांना ते शक्य नव्हते. वाळूत सोड्यासारखा क्षार मिसळला की ती बऱ्याच कमी तापमानाला वितळते, आणि थोडा चुना असला की तयार झालेली काच पाण्यात विरघळत नाही. अशा मऊ, चिकट काचेपासून भोक असलेला मणी करण्याच्या मुख्य रीती तीन.

पहिली रीत आपल्या प्रयोगशाळेतच पाहता येते. काचेची नळी स्पिरिटच्या दिव्यावर फिरवत तापवा, मऊ झाली की ज्योतीबाहेर काढून दोन्ही टोके झटकन ओढा. नळी केसासारखी बारीक होते, पण तिच्यातले भोक बुजत नाही. बारीक झालेल्या नळीचे तुकडे केले की प्रत्येक तुकड्याला आयते भोक असते. हाच ओढीव मणी. आंध्र प्रदेशातल्या पापनायडूपेटा या गावी कारागीर याच तत्त्वावर काम करत. काचेच्या मोठ्या तापलेल्या गोळ्यात लोखंडी नळी घालून तो पोकळ करायचा, भट्टीतून काचेची लांबच लांब नळी हातांनी ओढत राहायची, मग तिचे बारीक तुकडे करून ते राखेत घोळवून पुन्हा तापवायचे. त्याने कडा गोल होतात आणि राखेमुळे भोके बुजत नाहीत. एका ओढीत हजारो मणी होतात.

दुसरी रीत गुंडाळण्याची. तापलेल्या लोखंडी सळईवर मऊ काचेची धार गुंडाळायची आणि थंड झाल्यावर मणी सळईवरून काढून घ्यायचा. उत्तर प्रदेशातल्या पुरदिलनगरला असे मणी होतात. तिसरी रीत साच्याची. मऊ काच दोन भागांच्या साच्यात दाबायची.

आता भिंग घ्या. शाळेतले दहापटीचे भिंग पुरते. काचेत हवेचे बुडबुडे अडकलेले असतात. काच ओढली की तेही ताणले जातात आणि भोकाच्या दिशेने लांबट होतात. काच गुंडाळली असेल, तर बुडबुडे आणि रेषा भोकाला वेढा घालतात. साच्यातल्या मण्यावर बारीक शिवण दिसते. मुलांना हे समजावायला साखरेचा पाक चांगला. घट्ट होत आलेला पाक ओढला की त्यातले बुडबुडे लांबतात, आणि चमच्याभोवती गुंडाळला की गोल फिरतात. (पाक चटका देतो, म्हणून हे शिक्षकांनीच करावे.)

मण्यांच्या अभ्यासाला शिस्त लावण्याचे श्रेय होरेस बेक या इंग्रज अभ्यासकाकडे जाते. मण्याचे पूर्ण वर्णन करायचे, तर आकार, भोक, रंग, पदार्थ आणि नक्षी या पाचही गोष्टी सांगायला हव्यात, असा नियम त्याने १९२८ साली घालून दिला. आपण बहुधा रंग आणि आकार पाहून थांबतो. बेकने भोकाला त्यांच्या बरोबरीने बसवले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आपल्याकडे हे काम मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी केले. त्यांनी १९४९ साली रेखांकित मण्यांवर पुस्तक लिहिले आणि १९६९ साली मुंबई विद्यापीठाने त्यांचा भारतीय काचेचा इतिहास प्रसिद्ध केला. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीचे १९४५-४६ चे उत्खनन त्यांनी ह. धी. सांकलिया यांच्याबरोबर केले. तिथे सातवाहन काळाचे थर खाली आणि बहमनी काळाचे थर वर, असा क्रम मिळाला.

रंगाची साक्ष अर्धी

बाटलीतले बरेच मणी विटेच्या रंगाचे, अपारदर्शक आहेत. हा रंग तांब्याचा. भट्टीत हवा कमी पडू दिली, की काचेत तांब्याचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि काच तांबडी दिसते. तेच तांबे भरपूर हवेत निळसर हिरवा रंग देते. कोबाल्टने गडद निळा, मँगनीजने जांभळा, लोहाने हिरवा किंवा तपकिरी रंग येतो. कथील आणि शिसे यांच्या संयुगाने अपारदर्शक पिवळा होतो. मंगळसूत्राच्या पोतीतला किंवा बाळाच्या मनगटीतला काळा मणी तीव्र उजेडासमोर धरून पाहा. पुष्कळदा तो काळा नसतो, कडेला गर्द जांभळा किंवा हिरवट तपकिरी दिसतो. रंगद्रव्य जास्त झाले, की डोळ्याला काळेच वाटते.

तांबे आणि लोह माणसाला हजारो वर्षे ठाऊक आहेत, म्हणून या रंगांवरून काळ ठरत नाही. काही रंगांना मात्र जन्मतारीख आहे. युरेनियमचा शोध १७८९ सालचा, आणि बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, युरेनियमची पिवळी-हिरवी काच १८३० नंतरच्या दशकात बाजारात आली. अशी काच नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली झगझगीत हिरवी उजळते. सेलेनियम १८१७ साली सापडले, आणि सेलेनियम-कॅडमियमचा तेजस्वी लाल रंग काचेत आला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. तेव्हा असा मणी सातवाहनांचा आहे, असे कुणी म्हणाले तर आपण ठामपणे नाही म्हणू शकतो. बेकलाइटचा मणी १९०७ पूर्वीचा असणार नाही, हेही त्याच तर्काने.

हा तर्क मुलांना मुद्दाम समजावण्यासारखा आहे. तो सांगतो, "याच्या आधीचा नाही." "याच वेळचा" असे तो कधीच सांगत नाही. युरेनियमचा मणी १८५० चा असेल, १९५० चाही असेल.

साच्याच्या मण्यांचेही तसेच. बोहेमियातल्या याब्लोनेत्स गावाच्या परिसरात अठराव्या-एकोणिसाव्या शतकापासून दाबीव मणी फार मोठ्या प्रमाणावर होऊ लागले आणि जगभर गेले, भारतातही आले. माझ्या बाटलीतल्या सात-आठ मण्यांवर शिवण आहे. मुलांनी ते खापरांच्या शेजारून उचलले म्हणून मी त्यांना 'प्राचीन' समजत होतो. कुणा आजीची तुटलेली माळ असावी ती.

मग 'जुनाट' दिसण्याचे काय? दमट मातीत पडलेल्या काचेतला क्षार हळूहळू पाण्याबरोबर निघून जातो, पृष्ठभागावर पातळ पापुद्रे सुटतात आणि त्यांवर इंद्रधनुष्यासारखे रंग खेळतात. पण हा बदल वर्षांवर जितका अवलंबून, तितकाच माती, पाणी आणि काचेची घटना यांवर. शंभर वर्षांचा मणी पार झिजलेला असू शकतो आणि दोन हजार वर्षांचा लखलखीत. किरणोत्सर्गी कार्बनची पद्धतही काचेच्या कामाची नाही. ती एके काळी जिवंत असलेल्या पदार्थांसाठी आहे. लाकडाच्या कोळशाचे वय ती सांगते. काच कधीच जिवंत नव्हती.

शेजाऱ्यांची साक्ष : नेवासे

आता अभ्यासक बाईंचा प्रश्न लक्षात येईल. मण्याचे वय त्याच्या अंगावर लिहिलेले नसते. तो ज्यांच्या संगतीत सापडला, त्यांच्यावरून ते ठरते.

याचे उत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. ज्ञानेश्वरीमुळे सर्वांना माहीत असलेल्या नेवाशाला, प्रवरेच्या काठी, डेक्कन कॉलेजने १९५४ ते १९५६ मध्ये सांकलियांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले. त्याचा अहवाल १९६० साली निघाला. एकाच ठिकाणी अश्मयुगापासून मराठेशाहीपर्यंतचा पट तिथे उलगडला. ताम्रपाषाण काळाचे थर, त्यावर सातवाहन काळाचे, त्यात रोमन मद्यकुंभांची खापरे, मग हजारांहून अधिक वर्षांची रिकामी जागा, आणि त्यावर चौदाव्या-पंधराव्या शतकानंतरची वस्ती.

काचेचा एकच मणी रोमन मद्यकुंभाच्या खापराशेजारी सापडला, तर एक गोष्ट सांगतो, आणि बहमनी नाण्याशेजारी सापडला, तर दुसरी. मणी तोच, शेजारी बदलला. माझ्या बाटलीत मी हे सगळे शेजारी मोडून टाकले होते.

संगत किती बोलकी असते, ते नेवाशाच्या दुसऱ्या एका मण्यावरून कळते. ताम्रपाषाण काळातल्या एका लहान मुलाच्या दफनात गळ्याशी तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याच्या गंजामुळे माळेच्या दोऱ्याचा अंश टिकून राहिला. मुंबईच्या कापूस तंत्रज्ञान प्रयोगशाळेत अ. ना. गुलाटी यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. त्यात कापूस आणि रेशीम, दोन्ही निघाले. कोणी ते मणी 'छान आहेत' म्हणून धुऊन, पुसून बाटलीत भरले असते, तर साडेतीन हजार वर्षांमागे प्रवरेकाठी रेशमाचा धागा होता, हे आपल्याला कधी कळलेच नसते.

अर्थात संगतही फसवते. घुशीच्या बिळातून कालचा मणी खालच्या थरात जातो. आपली काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि मोहरीएवढा मणी त्या भेगेतून सहज खाली उतरतो. उलट, पणजीची पोत पणतीच्या गळ्यात असते, म्हणजे जुना मणी नव्या थरात येतो. म्हणून पुराविद एका मण्यावर विसंबत नाहीत. एकाच थरात एकाच जातीचे मणी पुनःपुन्हा मिळाले, तरच त्याला वजन देतात.

काच कुठली?

वयानंतरचा प्रश्न उगमाचा. पारनेर-नगरचा सगळा मुलूख बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या दगडाचा. या दगडाच्या चुऱ्यात काचेला लागणारी गारेची वाळू जवळजवळ नसते. तेव्हा इथल्या मण्यांची काच बाहेरून आली असण्याची शक्यताच अधिक. आणि वाटा तर होत्याच. आजचा कल्याण-नगर रस्ता माळशेज घाट चढून टाकळी ढोकेश्वरवरून जातो. त्याच्या शेजारचाच नाणेघाट सातवाहन काळात कोकणच्या बंदरांना जुन्नर-पैठणशी जोडत होता. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तेर ही नावे आहेत, आणि भडोचला उतरणाऱ्या मालात कच्ची काचही आहे. म्हणजे रोमन जगातून काच येत होती. पण त्याच शतकात रोमन लेखक प्लिनी, भारतातली काच स्फटिकाच्या तुकड्यांपासून करतात म्हणून ती सर्वांत सरस, असे लिहून ठेवतो. म्हणजे इथेही काच होत होती. मग मण्याची काच तिकडची की इकडची?

इथे रसायनशास्त्र मदतीला येते. रोमन काचेत अ‍ॅल्युमिना साधारण दोन-तीन टक्के असते. कारण तिची वाळू स्वच्छ आणि सोडा इजिप्तच्या खाऱ्या तळ्यांचा. भारतातल्या पुष्कळशा जुन्या काचेत अ‍ॅल्युमिना पाच टक्क्यांपासून थेट पंधराच्या घरात जाते. ग्रॅनाइट झिजून झालेली मळकी वाळू आणि जमिनीवर फुटून येणारा खार, ज्याला उत्तरेत रेह म्हणतात, यांची ती काच. कारागिराने वाळू कुठून उचलली, हे काच अशा रीतीने विसरत नाही.

आता हे तपासायला मणी फोडावा लागत नाही. लेसर किरणाने मण्याला डोळ्यांना न दिसणारे छिद्र पाडतात आणि उडालेल्या कणांतली पन्नासेक मूलद्रव्ये मोजतात. या पद्धतीने मिळालेले एक उत्तर नगर जिल्ह्याला फार जवळचे आहे.

नगरचे बंदर आणि आफ्रिका

१४९० साली निजामशाही स्थापन झाली. पारनेर तिच्याच मुलखात. या निजामशाहीचे मोठे बंदर म्हणजे कोकणातले चौल. शेजारी रेवदंड्याला १५२१ मध्ये पोर्तुगीज येऊन बसले. चौलला डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे यांनी उत्खनन केले. तिथे मिळालेले काचेचे मणी आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर केनियात मिळालेले मणी लोर द्युस्युब्यो, चापुरुखा कुसिंबा, गोगटे आणि त्यांचे सहकारी यांनी तपासले. त्यांचा निबंध २००८ साली प्रसिद्ध झाला.

दिसायला भारतातले सगळे ओढीव मणी सारखेच. बारीक, एकरंगी, तांबडे, पिवळे, हिरवे, काळे. पॉंडिचेरीजवळच्या अरिकमेडूपासून आग्नेय आशियापर्यंत ते सापडतात. अमेरिकन अभ्यासक पीटर फ्रान्सिस यांनी त्यांना 'इंडो-पॅसिफिक मणी' हे नाव दिले. इंडोनेशियाच्या काही बेटांवर अशा तांबड्या मण्यांच्या माळा अजून पिढीजात ठेवा म्हणून जपतात. भरपूर अ‍ॅल्युमिना हाही या सगळ्यांचा समान गुण. पण अल्प प्रमाणातली मूलद्रव्ये मोजल्यावर त्यांचे दोन गट पडले. दक्षिण भारत आणि श्रीलंकेतल्या जुन्या मण्यांत बेरियम जास्त, युरेनियम कमी. चौलच्या मण्यांत याच्या नेमके उलट, युरेनियम जास्त, बेरियम कमी. आणि केनियातले मणी चौलच्या गटात बसले.

इथे युरेनियम कुणी रंगासाठी घातलेले नाही. वाळूतच ते नैसर्गिकपणे होते, तेही दहा लाख भागांत काही भाग. बोहेमियाच्या पिवळ्या काचेतल्या युरेनियमशी त्याची गल्लत करू नये.

यावरून ते मणी चौलातच घडले, असे मात्र म्हणता येत नाही. बंदरात माल उतरतो तसा चढतोही. एवढे निश्चित, की एका विशिष्ट जातीची काच चौलच्या बाजारात होती आणि तीच काच समुद्रापलीकडे आफ्रिकेत पोचली होती. पूर्व आफ्रिकेत मणी देऊन हस्तिदंत आणि सोने घेत असत. शेवटच्या निजामशाहीचा कर्ता वजीर मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा, हे आपण इतिहासाच्या पुस्तकात शिकवतो. नगर आणि आफ्रिका यांचा संबंध एका माणसापुरता नव्हता, हे मोहरीएवढ्या मण्यांतल्या युरेनियमने दाखवून दिले. हे साधले, कारण दोन्हीकडचे मणी कुठे मिळाले याची नोंद होती.

बाटलीऐवजी वही

माझ्या बाटलीतले मणीही उद्या लेसरखाली ठेवता येतील. काच कोणत्या गटातली ते कळेल. पण ती पांढरी कोणत्या काळात वसली होती, तिथे चौलचा माल पोचत होता का, हे आता त्या मण्यांवरून कळणार नाही. दरम्यान त्या टेकाडाची बरीचशी माती शेतात खत म्हणून गेली. प्रश्न पुन्हा विचारायला टेकाडही पूर्वीसारखे राहिले नाही.

म्हणून शिक्षकांना विनंती आहे. तुमच्या गावाला पांढरी असेल, तर मुलांना जरूर न्या, पण मणी वेचायला नको. उकरायला तर नकोच. संरक्षित स्थळी ते गुन्हा ठरते, आणि एरवीही त्याने थर बिघडतात. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागू होतो. वस्तू जागेवरच ठेवून मुलांनी वहीत टेकाडाचा नकाशा काढावा, उत्तर दिशा दाखवावी आणि काय कुठे दिसले ते खुणेने मांडावे. शेजारी काडेपेटी किंवा पट्टी ठेवून फोटो घ्यावा. बरोबरच्या खापरांचे रंग लिहावेत. अशी वही पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या विद्यापीठाला दाखवली, तर ती मणिहारांपेक्षा मोलाची ठरेल.

मणी हाताळून शिकायचे असेल, तर घरचे जुने मणी आहेतच. आठवड्याच्या बाजारात मंगळसूत्र गाठवून देणाऱ्याकडे चार जातींचे मणी थोड्या पैशांत मिळतात. भिंग, जांभळा दिवा आणि बेकचे पाच मुद्दे घेऊन मुलांनी त्यांची वर्गवारी करावी. ओढीव कोणता, गुंडाळलेला कोणता, साच्यातला कोणता, हे एका तासात जमते. मग आजीला विचारावे, ही पोत कुठली, कुणी दिली, केव्हा गाठवली. आजी जे सांगेल, तेही चिठ्ठीवर लिहून मण्याबरोबर ठेवावे.

माझ्या बाटलीवर मी आता एक चिठ्ठी चिकटवली आहे. "पारनेर तालुका. नेमकी जागा माहीत नाही." वर्गात मण्यांचा विषय निघाला की ती बाटली मी मुलांसमोर ठेवतो आणि आधी चिठ्ठी वाचून दाखवतो.